अलोइस आजोबांची सही

डुक्कर सकाळी साडेसातला गेलं आणि त्याच्यामागोमाग, दुपारच्या जेवणाआधी, घराण्याची अब्रू गेली. डुकरासाठी निदान शेजारच्या गावाहून कसाई बोलावला होता. अब्रूचं काम द्राहोमिराला एकटीला करावं लागलं, तेही हात कोपरापर्यंत चरबीने माखलेले असताना.

घरात तिला मिर्का म्हणत. वय चौसष्ट, लग्न केलेलं नाही, कौदेलांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड. गावचं पोस्ट बंद होईपर्यंत एकतीस वर्षं ती तिथल्या खिडकीमागे बसली. पोस्ट बंद झालं तेव्हा पंचायतीने तिला गावची बखर लिहायला दिली. वर्षभरात गावात जे घडलं ते जाड वहीत नोंदवायचं. तिचा थोरला भाऊ ओल्द्रिख गावचा सरपंच, त्यामुळे कोणी वशिला म्हणालंही असतं. पण त्या कामासाठी दुसऱ्या कोणी हातच वर केला नव्हता.

यंदा वर्बिन्का गावाला साडेसहाशे वर्षं होत होती. जूनमध्ये उत्सव, बँड, अग्निशामक दलाची कवायत आणि गावाच्या इतिहासाचं एकशेवीस पानी पुस्तक. पुस्तक मिर्काने लिहिलं होतं आणि लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं होतं, की साडेसहाशे वर्षांत आपल्या गावाने फारसं काही केलेलं नाही. गावाचं नाव पहिल्यांदा कागदावर चढलं ते इथल्या एका माणसाने कुंपणाचा खांब उपटून पाद्रीबुवांच्या डोक्यात घातला म्हणून. स्वीडिश फौज आली, तिला लुटायला काही मिळेना, म्हणून चिडून चॅपल जाळून गेली. फ्रेंचांची एक तुकडी चुकून आली आणि रस्ता विचारून निघून गेली. रेल्वे चार किलोमीटर लांबून गेली; तिने रस्तासुद्धा विचारला नाही.

अशा गावात एकच वीरपुरुष निपजला होता आणि तो मिर्काचा आजोबा होता.

अलोइस कौदेलाची गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. साल एकोणीसशे बावन्न. नवं सरकार सगळ्यांच्या जमिनी सामुदायिक शेतीत ओढत होतं. जिल्ह्याचा साहेब कागद घेऊन दारोदार फिरे आणि एकेक घर सही करून मोकळं होई. पहिली सही केली एकोणीस नंबरच्या पेश्टांनी, आणि बक्षीस म्हणून सरहद्दीवर जर्मनांनी सोडलेला बंगला पटकावला. शेवटची सही केली सात नंबरच्या अलोइसने. मोटारीवर कर्णा लावून त्याच्या नावाने शिमगा केला तरी तो महिनोन् महिने हलला नाही. अखेर सही करताना म्हणाला, "हात माझा आहे, पण शाई तुमची आहे." हे वाक्य ग्रॅनाइटच्या पाटीवर कोरून सात नंबरच्या भिंतीवर लावायचं पंचायतीने ठरवलं होतं. मजकूर सोमवारी पाथरवटाकडे जायचा होता आणि पुस्तक त्याच दिवशी छापखान्यात.

पेश्टा सहासष्ट साली परत आले. बंगला खाऊन संपवला असेल, असं कौदेलांच्या घरात म्हणत. तेव्हापासून दोन घरांत बोलणं नव्हतं. फक्त मिर्का एकदा बोलली होती, एकविसाव्या वर्षी, सात महिने, लुबोर पेश्टाशी, आणि तेही बहुतेक तळ्याच्या मागच्या बाजूला. मग वडिलांना कळलं. वडील ओरडले नाहीत, त्यांनी फक्त आजोबांच्या फोटोकडे बोट दाखवलं. मिर्का गेली आणि लुबोरला सांगून आली, "पहिली सही करणाऱ्यांच्या घरात मी येणार नाही." ते वाक्य त्या वेळी तिला फार ताठ कण्याचं वाटलं होतं.

आणि आता मंगळवारी पार्सल आलं होतं. पोस्ट नसल्यामुळे ते किराणा दुकानात आलं, पावांच्या शेजारी ठेवलेलं. आत एक वही होती. बावन्न साली गावची बखर होरेश मास्तर लिहीत. त्या वर्षाचं त्यांचं पान मिर्काला पाठ होतं: 'गावकऱ्यांनी आनंदाने व एकमुखाने'. पण मास्तर घरी दुसरी वही ठेवत, हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यांची मुलगी पानगळीच्या दिवसांत वारली, नातवाला माळा आवरताना वही सापडली आणि त्याने 'बखरकार, वर्बिन्का' एवढा पत्ता घालून ती पाठवून दिली.

मिर्काने वही तीनदा वाचली आणि चार दिवस कोणाशी नीट बोलली नाही. वहिनीला वाटलं दाढ दुखते.

शनिवारी डुक्कर होतं. अकरापर्यंत कसाई आपलं काम उरकून, जेवून गेला आणि घरचे लोक कोठारातल्या लांब टेबलाभोवती सॉसेज भरायला बसले. टेबलाच्या टोकाला ओल्द्रिख, एकशे अठरा किलो, बाह्या सरसावून. त्याची बायको ब्लांका कलेजी चिरत होती. मुलगी रादका प्रागहून आली होती. ती तिथे जाहिरातींच्या कंपनीत होती आणि इथे लसूण आणि मरवा मिसळायच्या कामाला लावली होती. दारातल्या हंड्यापाशी बोहुस्लाव काका काळं सूप ढवळत बसले होते, रक्त आणि जव घातलेलं. काका म्हणजे अलोइसचं शेंडेफळ, वय ब्याऐंशी. त्यांना हवं तेवढंच ऐकू येई.

"आजोबा असते तर," ओल्द्रिखने सुरुवात केली. ती दरवर्षी इथूनच होई. "त्यांनी या डुकराकडे पाहून काय म्हटलं असतं?"

"की डुक्कर तुमचं आहे, पण शाई माझी आहे," ब्लांका म्हणाली.

"ब्लांका, थट्टा नको. बावन्न साली अकरा महिने..."

"मागच्या वर्षी दहा होते."

"बाबा, मला फक्त नक्की आकडा सांगा," रादका म्हणाली. "मी पत्रकाचा मथळा ठरवलाय. 'शेवटच्या शेतकऱ्याचं गाव.' शहरातले लोक असल्या गोष्टींसाठी वेडे असतात. वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या तर उन्हाळाभर रिकाम्या राहणार नाहीत."

मिर्काने हात फडक्याला पुसले. ती मनात म्हणत होती, आत्ता नाही बोललीस तर सोमवारी बोलशील, आणि सोमवारी उशीर झालेला असेल.

"दादा, ते प्रकरण सोमवारी छापायला जाणार नाही."

"कुठलं?"

"आजोबांचं."

ओल्द्रिखने सॉसेजला गाठ मारली. "का? शुद्धलेखन राहिलंय?"

मिर्काने खुंटीवरच्या कोटाच्या आतून पावाची पिशवी काढली आणि पिशवीतून वही. मास्तरांचं नाव सांगितलं, पार्सलाचं सांगितलं. मग चष्मा लावून, पोस्टात तार वाचून दाखवायची त्याच आवाजात तिने वाचलं.

"'चौदा मार्च एकोणीसशे बावन्न. आज गावातली पहिली सही झाली. अलोइस कौदेला, घर नंबर सात. गुत्त्यात, अकराव्या बियरनंतर. साहेबाने चौथ्या बियरपासूनच टाक हातात धरून ठेवला होता. सकाळी अलोइस माझ्याकडे येऊन रडला. गावाला कळेल या भीतीने त्याला धड उभं राहवत नव्हतं. साहेब कागद सध्या ड्रॉवरमध्ये ठेवायला तयार आहे; त्याबद्दल महिन्याला डुकराची एक धुरवलेली मांडी. अलोइस म्हणाला, बखरीत लिहू नका. मी म्हटलं, बखरीत नाही लिहिणार.'"

ओल्द्रिखच्या हातातलं सॉसेज फुटलं आणि कलेजी त्याच्या पोटावर सांडली.

"मास्तर दारुडा होता," तो म्हणाला.

"मास्तर दूध प्यायचे," ब्लांका म्हणाली. "सगळ्या गावाला माहीत होतं. त्यांना जठराचा त्रास होता."

"मग जठराच्या त्रासातून लिहिलं असेल. मत्सर असतो माणसाला. शाळामास्तर म्हणजे काय, ना जमीन ना जनावर."

"आत्या, हे कोणी पाहिलंय का?" रादकाने विचारलं. "म्हणजे तुझ्याशिवाय? कारण नसेल पाहिलं, तर मला वाटतं थोडं थांबावं. खोटं लिहू नये, ते मलाही कळतं. पण सगळंच खरं लिहायला पाहिजे असंही कुठे आहे? पत्रकं छापायला टाकलीत मी."

"तू माझ्या बाजूची आहेस असं मला वाटत होतं," मिर्का म्हणाली.

"मी आहेच. पण पत्रकं रंगीत आहेत."

ओल्द्रिखला आता हुरूप आला. तो दाराकडे वळून मोठ्याने म्हणाला, "काका, तुम्ही सांगा. तुम्ही तेव्हा दहा वर्षांचे होता. तुमच्या बापाने पहिली सही केली का?"

काकांनी पळी हंड्याच्या काठावर आपटली. "सहीचं मला ठाऊक नाही."

"ऐकलंत?" ओल्द्रिख म्हणाला.

"पण त्या वर्षी घरात मांडी आली नाही," काका पुढे म्हणाले. "डोकं यायचं, कान यायचे, पुढचे पाय यायचे. मागचे पाय कधी नाहीत. मला कितीतरी दिवस वाटायचं, आमची डुकरं बसूनच जन्माला येतात."

आधी ब्लांका हसली. ती हसू दाबायचा प्रयत्न करत होती, पण नाकातून आवाज आला. मग रादका हसली, तिचे हात लसणीचे, डोळे पुसता येईनात, आणि ती टेबलावर डोकं टेकून हसत राहिली. "बाबा, हे मथळ्यापेक्षा चांगलंय," ती कसंबसं म्हणाली. "बसलेली डुकरं. मी पत्रक बदलते."

मिर्काला हसू आलं नाही. तिने पान उलटलं.

"अजून आहे," ती म्हणाली. "'दोन नोव्हेंबर. पेश्टांना आज ट्रकमध्ये घातलं. पाच माणसं आणि दोन पलंग, म्हातारीला खुर्चीसकट उचललं. पेश्टाने शेवटपर्यंत सही केली नाही, गावात फक्त त्याने. सरहद्दीजवळच्या सरकारी फार्मवर नेतात, तबेल्याशेजारची खोली देणार आहेत असं ड्रायव्हर म्हणाला. आम्ही सगळे पडद्याआड उभे होतो. मीही. संध्याकाळी साहेबाने गुत्त्यात जाहीर केलं, की आता कौदेलानेही सही केली, सगळ्यांत शेवटी. लोकांनी अलोइसच्या पाठीवर थापा मारल्या. तो काही बोलला नाही.'"

हसणं थांबलं. हंड्याखालचं लाकूड तडतडलं तेवढंच.

"बंगला नव्हता," मिर्का म्हणाली. "तबेला होता."

ओल्द्रिख उठला. टेबलाला वळसा घालून आला, बहिणीच्या हातातून वही काढून घेतली आणि हंड्याकडे निघाला. मिर्काला वाटलं, संपलं. पण हंड्यापाशी काका बसले होते आणि काका हलेनात. ओल्द्रिख क्षणभर तिथे उभा राहिला. मग परत आला, वही आपल्या बाकावर ठेवली आणि तिच्यावर बसला.

"दादा, ऊठ."

"उठणार नाही."

"कधीपर्यंत?"

"सोमवारी छापखाना उघडेपर्यंत."

वर्बिन्काच्या साडेसहाशे वर्षांत इतिहासावर इतकं वजन कधी आलं नसेल. मिर्काने आधी रागावून पाहिलं, मग समजावून. तो हाताची घडी घालून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. काम थांबवून चालणार नव्हतं, तेव्हा बाकीचे सॉसेज भरत राहिले आणि त्याच्यापुढे ताटली सरकवत राहिले.

"तुम्हाला काय वाटतं, वहिनी?" मिर्काने विचारलं.

"मला काय वाटायचं? मी या घरात लग्न करून आले," ब्लांका म्हणाली. "नवऱ्याच्या बाजूने असायला पाहिजे." तिने मोठा मग बियरने भरला आणि ओल्द्रिखपुढे ठेवला. "घे. घसा कोरडा पडला असेल."

ओल्द्रिखने कृतज्ञतेने बायकोकडे पाहिलं आणि तो मग रिकामा केला. तिने पुन्हा भरला. मग थंडी फार आहे म्हणून कपभर गरम चहा दिला, त्यात प्लमची दारू टाकून. मग आणखी एक कप. मग तिसरा मग. ती हे सगळं इतक्या मायेने करत होती की मिर्काला वाईट वाटलं. सबंध टेबलावर आपल्या बाजूने कोणी नाही.

एक वाजता ओल्द्रिखने पाय बदलले. सव्वाला पुन्हा बदलले. कपाळावर घाम आला. त्याने एकदा बायकोकडे पाहिलं, रिकाम्या मगांकडे पाहिलं, पुन्हा बायकोकडे पाहिलं, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर प्रकाश पडत गेला.

"ब्लांका," तो म्हणाला.

"चाळीस वर्षं ऐकतेय मी ही गोष्ट," ब्लांका म्हणाली. "दरवर्षी तुझे आजोबा इंचभर उंच होतात. आता दारातून आत येत नाहीत ते. जा, उगाच त्रास करून घेऊ नकोस."

तो गेला, जरा घाईनेच. ब्लांकाने बाकावरची वही उचलली, तिच्यावरची चरबी ॲप्रनने पुसली आणि मिर्काच्या हातात दिली.

"पान चिकटलंय एक," ती म्हणाली. "आता काय करणार आहेस?"

काय करायचं ते मिर्कालाही माहीत नव्हतं. पण दोन वाजले होते आणि सूप झालं होतं. डुक्कर कापलं की शेजाऱ्यांना सूप आणि सॉसेज पाठवायची पद्धत. किटल्या ओळीने मांडल्या होत्या, झाकणांवर खडूने घरांचे नंबर. चार, नऊ, अकरा, तेवीस. मिर्काने फळीवरून आणखी एक किटली काढली, काकांपुढे धरली, आणि काकांनी काही न विचारता ती काठोकाठ भरली. चार सॉसेज त्यांनी कागदात बांधून दिली.

"एकोणीसला कुत्रं आहे," काका म्हणाले. "भुंकतं, पण मूर्ख आहे."

गावातून चालत जाताना तिला कळत होतं की खिडक्यांमधून लोक बघताहेत. कौदेलांची किटली एकोणीसच्या वाटेला लागलेली कोणी पाहिली नव्हती. कुत्रं भुंकलं, मग सॉसेजच्या वासाने गप्प झालं. दार लुबोरने उघडलं. सदुसष्ट वर्षांचा, तीन वर्षांपूर्वी बायको गेलेली, पंचायतीत पाचातला एक सदस्य. मिर्का त्याला दर महिन्याच्या बैठकीत बघायची, बखरीसाठी त्याचं बोलणं लिहून घ्यायची आणि कधी नजर वर करायची नाही.

त्याने किटलीकडे पाहिलं. "कोणी मेलं का?"

"डुक्कर."

"मग आत ये. थंडी येतेय."

स्वयंपाकघरात सगळं नीटनेटकं होतं, एका माणसाचं असतं तसं: एक कप, एक ताटली, एक खुर्ची टेबलाला लावलेली. त्याने दुसरी खुर्ची बाहेरून आणली. मिर्काने वही टेबलावर ठेवली, दोन्ही नोंदी उघडून दाखवल्या आणि खिडकीबाहेर बघत बसली. तो वाचायला वेळ लावत होता. मग त्याने वही बंद केली, उठला, कपाटातून वाडगा काढला आणि किटलीतलं सूप ओतून घेतलं.

"अकरा बियर होत्या होय," तो म्हणाला. "बाबा सात म्हणायचे."

मिर्काने मान वळवली. "तुला माहीत होतं?"

"मला काय, सगळ्यांना माहीत आहे. साहेबाच्या घरी दर महिन्याला मांडी कुठून येते, ते त्याच्या ड्रायव्हरने तेव्हाच सांगितलं होतं. ड्रायव्हर इथलाच जावई, तेवीस नंबरचा."

"सगळ्यांना म्हणजे?"

"तुमचं घर सोडून."

तिला एकदम ओल्द्रिख दिसला, गुत्त्यात मधोमध उभा, हातातला मग उंचावून शाईचं वाक्य म्हणणारा, आणि भोवतीचे लोक माना डोलावताना. तिला वाटायचं ते आदराने डोलावतात.

"मग कोणी बोललं का नाही? तू का नाही बोललास? तू तर पाटीला मत दिलंस. मीच लिहून घेतलं, पाच विरुद्ध शून्य."

"तुझ्या भावाने, ओल्डाने, आधी पुतळ्याचा ठराव आणला होता. पूर्ण उंचीचा, हातात विळा. पाटी त्यातल्या त्यात लहान." त्याने चमचाभर सूप घेतलं. "मरवा जास्त झालाय."

"लुबोर, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. जास्तच झालाय." त्याने चमचा खाली ठेवला. "आम्ही सहासष्टमध्ये परत आलो ना, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पहिल्याच दुपारी तुझा आजोबा दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात. आमच्या बाबांना काहीतरी सांगायचं होतं त्याला, पण तोंडच उघडेना. अर्धा तास उभा होता म्हणालीस तरी चालेल. शेवटी बाबा म्हणाले, घरी जा अलोइस, जेवण थंड होतंय. तो गेला. पुढच्या रविवारी गुत्त्यात तीच गोष्ट पुन्हा, अकरा महिने आणि शाई, फक्त जरा मोठ्याने."

"आणि तुझे बाबा?"

"शेजारच्या टेबलावर बसलेले. ऐकत. आई फार चिडायची. बाबा म्हणायचे, मला माहीत आहे, त्याला माहीत आहे, आता कोणाला सांगू?"

मिर्काने वही जवळ ओढली. ती तिला हवा होता त्यापेक्षा बारीक आवाजात म्हणाली, "मला सांगायचं होतंस. तेव्हा. मी तळ्यापाशी आले होते आणि तुला म्हणाले होते की..."

"काय म्हणालीस ते मला आठवतंय."

"मग?"

"तू विचारलं नव्हतंस, मिर्का. तू सांगितलंस आणि पाठ फिरवून गेलीस. मी चोवीस वर्षांचा होतो. धावत मागे येऊन 'माझ्या बापाने सही केली नाही' असं ओरडायचं, म्हणजे तुझ्या आजोबाचं नाव घ्यावं लागलं असतं. आणि मलाही राग आला होता. बराच काळ होता राग. मग माझं लग्न झालं. ती चांगली होती."

"हो. पार्सलं बांधायची तर दोरीची गाठ फार सुबक असायची तिची."

"हो ना?" तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

कुत्रं टेबलाखाली येऊन सॉसेजच्या कागदाखाली नाक घालत होतं. मिर्काने विचारलं, "पुस्तकात काय लिहू?"

"तू बखरकार. मला काय विचारतेस?"

"या वेळी विचारतेय."

लुबोरने कुत्र्याला पायाने बाजूला सारलं. "बियरचं लिही, नको लिही, मला फरक पडत नाही. पण एक गोष्ट आई मरेपर्यंत सांगायची. ट्रक येणार हे त्यांना आदल्या दिवशी कळलं होतं. तर सकाळी उठून तिने सगळ्या घराची फरशी पुसली. गुडघ्यांवर बसून, कोपरान् कोपरा. बाबा म्हणाले, वेडी झालीस का, आपण चाललोय. ती म्हणाली, इथे जे कोणी येतील त्यांनी असं म्हणायला नको की पेश्टा घाणेरडे होते." त्याने वाडगा बाजूला सरकवला. "कोणी आलंच नाही. सामुदायिक शेतीच्या संस्थेने इथे बटाटे भरले. पण ते लिही, फरशीचं."

ती घरी आली तेव्हा चार वाजत आले होते आणि अंगणात ओल्द्रिख बादल्या धूत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"काय म्हणाला तो?"

"मरवा जास्त झालाय."

"तो रादकाने घातला." त्याने एक बादली उपडी केली. "आणि?"

खोटं सांगावं असं तिला वाटून गेलं. साठी उलटलेल्या माणसाला काय काय कळायला हवं याला काही मर्यादा असावी. पण मग तो जूनमध्ये पुन्हा व्यासपीठावर उभा राहिला असता आणि सगळ्या गावाने माना डोलावल्या असत्या.

"सगळ्यांना माहीत आहे, दादा. पहिल्यापासून."

"सगळ्यांना?"

"हो."

"गुत्तेवाल्याला?"

"त्यालाही."

"पाद्रीबुवांना? ते तर चारच वर्षांपूर्वी आले."

"ते मी विचारलं नाही."

ओल्द्रिख उपड्या बादलीवर बसला. बादली कुरकुरली. बराच वेळ तो स्वतःच्या लालभडक हातांकडे बघत होता. मिर्काला वाटलं तो ओरडेल, निदान मास्तरांच्या जठरावर पुन्हा काही बोलेल. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी साधा होता.

"आजोबा मला मांडीवर घेऊन सांगायचे ही गोष्ट. शेवटी शेवटी मध्येच थांबायचे आणि मला म्हणायचे, आता तू सांग, ओल्डा. मला वाटायचं, मला पाठ झाली का ते बघताहेत."

मिर्काने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग हात चरबीचा आहे हे आठवून काढून घेतला, आणि मग पुन्हा ठेवला.

ती आपल्या खोलीत गेली, दिवा लावला, टेबलावर कोरे कागद घेतले. बावन्न सालच्या प्रकरणाची जुनी पानं तिने बाजूला केली आणि लिहायला लागली: 'चौदा मार्च रोजी गावातील पहिली सही अलोइस कौदेला यांनी अकराव्या बियरनंतर...' मागे दार वाजलं. ओल्द्रिख आत आला, भिंतीला टेकवलेली खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि चष्मा नसल्यामुळे कागद हातभर लांब धरून वाचू लागला.

"नऊ लिही," तो म्हणाला.

"मास्तरांनी अकरा लिहिलंय."

"मास्तर काय मोजत बसला होता? दूध पीत?"

"दादा, अकरा."

तो कुरकुरला. मग म्हणाला, "पाथरवटाला मी फोन करतो सोमवारी. आत्ताच काही कोरू नको म्हणून सांगतो. पुढचं पंचायतीत बघू." त्याने कागद खाली ठेवला. "एकोणीसला एवढा वेळ बसून काय बोलत होतात? त्याने काही लिहायला सांगितलंय का?"

मिर्काने त्याला फरशीचं सांगितलं. गुडघ्यांवर बसलेल्या पेश्टाबाईंचं, त्या काय म्हणाल्या त्याचं, नंतर भरलेल्या बटाट्यांचं. ऐकून तो उठला, खिडकीशी गेला, पडदा जरा बाजूला केला आणि परत सोडला.

"मग हे खोड," तो म्हणाला. "आधी फरशी लिही. आजोबांचं खाली टाक, नंतर."

"पूर्ण अकरा?"

"अकरा तर अकरा."

मिर्काने लिहिलेल्या ओळीवर रेघ मारली, नवा कागद घेतला आणि फरशीपासून सुरुवात केली.